एकीच्या पोटात दुसरी : चेरोकी पद्धतीची दुहेरी भिंतीची टोपली कशी विणावी

चेरोकी या अमेरिकेतील मूळनिवासी जमातीच्या विणकराने केलेली दुहेरी भिंतीची टोपली हातात घेतली, की पहिल्यांदा लक्ष जाते ते तिच्या काठाकडे. आपल्याकडे बुरूड टोपली विणतो तेव्हा शेवटी काठावर कामटीचे कडे घालून ते घट्ट बांधतो, कारण तसे केले नाही तर वीण उसवते. चेरोकी टोपलीच्या काठावर असे कोणतेही बांधलेले कडे नसते. ज्या काड्या आतल्या बुडापासून वर चढत आलेल्या असतात त्याच काठावर वळून बाहेरच्या बाजूने खाली उतरतात, आणि त्यांच्यावर दुसरी भिंत विणत विणत कारागीर पुन्हा तळाशी येतो. एकाच काडीने आतली आणि बाहेरची अशा दोन टोपल्या तोललेल्या असतात. ही टोपली वेताच्या काड्यांपासून घरी कशी करता येईल, हे या लेखात सविस्तर सांगितले आहे. मात्र त्याआधी ती कोणाची आहे आणि कशाची बनते, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्यावाचून पुढच्या कृतीतील निम्म्या गोष्टींचे कारण कळणार नाही.

दोन प्रदेश, दोन साहित्ये

चेरोकी लोकांची मूळ भूमी म्हणजे अमेरिकेच्या आग्नेय भागातील अ‍ॅपलाचियन डोंगररांगा. १८३८-३९ मध्ये अमेरिकी सरकारने त्यांच्यातील बहुसंख्यांना सक्तीने तेथून उठवून मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस, आजच्या ओक्लाहोमात नेले, आणि त्या वाटेवर हजारो माणसे दगावली. काही कुटुंबे डोंगरात मागे राहिली. त्यांचे वंशज आज उत्तर कॅरोलायनात क्वाला बाउंड्री या भूभागावर राहतात आणि ‘ईस्टर्न बँड’ म्हणून ओळखले जातात. चेरोकी नेशन आणि युनायटेड कीटूवा बँड या इतर दोन संघटित जमातींचे केंद्र ओक्लाहोमातील टॅलेक्वा येथे आहे. एकाच हातांची कला अशी दोन ठिकाणी वाटली गेली आणि दोन्हीकडे तिने हाताशी असलेल्या वनस्पती स्वीकारल्या.

डोंगरातील सर्वांत जुने साहित्य म्हणजे रिव्हरकेन. हे नदीकाठी वाढणारे, उत्तर अमेरिकेचे मूळचे बांबूच्या कुळातील गवत आहे, त्यामुळे मराठी वाचकाला त्याचे काम ओळखीचे वाटेल. अंगठ्याएवढ्या जाडीचे, दोन-तीन वर्षांचे पक्व वेळू निवडून तोडतात, प्रत्येकाचे उभे चार भाग करतात आणि आतला गर सोलून फक्त बाहेरची चकचकीत साल ठेवतात. सोलताना एक बाजू दातांत धरून दुसरी हाताने ओढण्याची जुनी रीत आहे. नंतर चाकूने पट्टीच्या कडा सारख्या करून ती इतकी पातळ केली जाते, की बोटावर गुंडाळली तरी मोडू नये. या पट्ट्या दोन-दोन किंवा तीन-तीन सोडून तिरकस विणल्या, की रंगीत आणि बिनरंगी पट्ट्यांच्या मोजणीतून नक्षी उभी राहते. नक्षी कागदावर काढलेली नसते. ती विणकराच्या मोजण्यात असते आणि एक पट्टी चुकली तर पुढची सगळी ओळ सरकते.

रिव्हरकेनची दुहेरी टोपली ही चेरोकी विणकामातील सर्वांत अवघड गोष्ट मानली जाते. दक्षिण कॅरोलायनाचे गव्हर्नर फ्रान्सिस निकोलसन यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडला नेलेली अशी एक झाकणाची टोपली आजही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पुढे विसाव्या शतकात ईस्टर्न बँडमध्ये ही वीण जाणणारे हात अगदी थोडे उरले. उत्तर कॅरोलायनातील चेरोकी गावच्या शाळेत १९३७ पासून टोपल्या विणायला शिकवणाऱ्या लॉटी क्वीन स्टॅम्पर यांनी १९४० च्या सुमारास त्या म्युझियममधील टोपलीचे छायाचित्र समोर ठेवून वीण उलगडली आणि आपल्या विद्यार्थिनींना शिकवली. छायाचित्रात आतली बाजू पुरेशी दिसत नाही, तळ तर मुळीच दिसत नाही. ज्याने एकदा तरी काठावर काडी वळवून पाहिली आहे, त्याला या कामगिरीचा आवाका कळेल. त्यानंतर इव्हा वुल्फ आणि रोवेना ब्रॅडली यांच्यासारख्या विणकरांनी ही कला फार उंचीवर नेली.

ओक्लाहोमात मात्र दुहेरी भिंतीची कल्पना वेगळ्या रूपात दिसते. तेथे जमिनीवर सरपटणाऱ्या बकब्रश नावाच्या झुडपाच्या लांबलचक, गोल, बारीक फांद्या मिळतात. त्या सपाट पट्टीसारख्या तिरकस विणता येत नाहीत, म्हणून उभ्या काड्यांभोवती एक आत-एक बाहेर अशी साधी गोल वीण घालून टोपली वर नेतात आणि काठावरून परत खाली आणतात. नवशिक्याने सुरुवात करायची ती याच टोपलीने, असे माझे स्पष्ट मत आहे. रिव्हरकेनची पट्टी नीट सोलता येण्यासाठीच काही हिवाळे जावे लागतात, शिवाय आग्नेय अमेरिकेत एके काळी मैलोन्‌मैल पसरलेल्या रिव्हरकेनच्या बेटांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी उरली आहेत असे मानले जाते. जे उरले आहे ते ज्यांचे आहे त्यांच्यासाठी राहू द्यावे.

साहित्य मिळवणे आणि तयार करणे

जे वाचक अमेरिकेच्या पूर्व किंवा दक्षिण भागात राहतात त्यांना एक उत्तम साहित्य फुकट उपलब्ध आहे, ते म्हणजे जपानी हनीसकलचा वेल. एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी आणलेला हा वेल तेथील जंगलात इतका माजला आहे, की तो काढला तर जंगलाचा फायदाच होतो, आणि चेरोकी विणकरांनीही तो आपलासा केला आहे. हिवाळ्यात पाने झडल्यावर, जागेच्या मालकाची परवानगी घेऊन, वेल गोळा करावा. झाडावर चढलेला वेल पिळदार असतो, तो सोडून द्यावा आणि जमिनीवरून सरळ गेलेल्या, आगकाडीएवढ्या जाडीच्या लांब फांद्या निवडाव्यात. त्यांची हाताच्या पंजाएवढी वेटोळी करून मोठ्या भांड्यात तीन ते चार तास उकळावीत. साल सुटू लागली, की जाडसर फडक्याच्या चिमटीत धरून वेल ओढावा, म्हणजे साल फडक्यात राहते आणि आतली गुळगुळीत, फिकट काडी हातात येते. बकब्रशलाही हीच रीत लागू पडते. सोललेल्या काड्या सावलीत वाळवून ठेवल्या तर वर्षभर टिकतात. विणण्याआधी त्या पुन्हा भिजवायच्या असतात.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात राहणाऱ्याने वेताच्या फर्निचरवाल्याकडून गोल, सोललेला बारीक वेत आणावा. अमेरिकेतील अनेक चेरोकी शिक्षकही नवशिक्यांच्या वर्गात असाच बाजारी वेत वापरतात, त्यामुळे त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. साधारण दहा सेंटिमीटर रुंदीच्या छोट्या टोपलीसाठी तीन मिलिमीटर जाडीच्या, प्रत्येकी ८० सेंटिमीटर लांबीच्या आठ काड्या, तशीच ४५ सेंटिमीटरची एक जादा काडी आणि विणण्यासाठी दोन मिलिमीटर जाडीचा सुमारे ४० मीटर वेत लागतो. उभ्या काड्या एवढ्या लांब का, असा प्रश्न पडेल. प्रत्येक काडीचा अर्धा भाग बुडाच्या मध्यापासून निघून आतली भिंत चढतो, काठावर वळतो, बाहेरची भिंत उतरतो आणि शेवटी गुंफण्यासाठी किमान बारा सेंटिमीटर उरावा लागतो. येथे चार बोटे वाचवली तर शेवटी टोपली पूर्ण होत नाही आणि काडी वाढवण्याचा कोणताही चांगला उपाय नाही.

हत्यारे साधी आहेत: धारदार कात्री, आरी किंवा दाभण, कपडे वाळवायचे काही चिमटे, एक टॉवेल आणि पसरट टब. वेत कोमट पाण्यात पंधरा ते वीस मिनिटे भिजवावा. तासन्‌तास पाण्यात ठेवलेला वेत तंतू सोडू लागतो. बोटाभोवती वळवला असता तो कुरकुरला नाही तर तयार झाला असे समजावे, आणि काम चालू असताना ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवावा.

रंगाबद्दल थोडे सांगणे भाग आहे. चेरोकी टोपलीतील तपकिरी छटा काळ्या अक्रोडाच्या मुळांपासून, सालीपासून किंवा फळाच्या बाहेरच्या टरफलापासून मिळतात, गडद काळा बटरनट या झाडापासून, आणि केशरी-तांबडा ब्लडरूट नावाच्या रानफुलाच्या कंदापासून. काळ्या अक्रोडाची टरफले मिळत असतील तर ती रात्रभर भिजवून, दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात काड्यांसह दोन-तीन तास मंद उकळावी. रंग पक्का बसण्यासाठी तुरटी वगैरे काही घालावे लागत नाही, आणि हातमोजे घातले नाहीत तर बोटेही कित्येक दिवस तपकिरी राहतात. ब्लडरूट मात्र उपटू नये. त्याचा कंद काढला की झाड संपते, आणि त्याचा चीक त्वचेला घातकही असतो. भारतात राहणाऱ्याला कातापासून सुरेख तपकिरी रंग मिळेल. तो चेरोकी रंग नव्हे, इतके मनात ठेवून वापरावा. पहिल्या टोपलीसाठी विणण्याच्या वेतापैकी सुमारे पाच मीटर रंगवला तरी दोन पट्ट्यांना पुरतो.

बूड आणि आतली भिंत

आठ लांब काड्यांपैकी चार शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यावर बाकीच्या चार आडव्या ठेवाव्यात, म्हणजे अधिकचे चिन्ह तयार होईल. मध्यबिंदू बरोबर जुळला आहे ना, हे मोजून पाहावे. विणायची काडी घेऊन वरच्या चौकडीवरून आणि खालच्या चौकडीखालून अशी तीन वेळा गोल फिरवावी, म्हणजे अधिकचे चिन्ह पक्के बांधले जाते. त्यानंतर काड्या दोन-दोनच्या जोड्यांत उघडाव्यात. आता दुसरी विणायची काडी जोडीला घ्यावी आणि दोन काड्यांची वीण घालावी: एक काडी जोडीच्या पुढून जाते तेव्हा दुसरी मागून, आणि पुढच्या जोडीकडे जाण्याआधी दोघींची अदलाबदल होते. ही वीण साध्या विणीपेक्षा घट्ट बसते, म्हणून बुडासाठी तीच योग्य. तीन फेऱ्या झाल्या, की जोड्याही सोडवून सोळा काड्या एकेकट्या पसराव्यात, सूर्याच्या किरणांसारख्या सारख्या अंतरावर.

इथे घाई करू नये. सोळा काड्यांतील अंतर या टप्प्यावर सारखे झाले नाही तर वाकडेपणा वर काठापर्यंत आणि तिथून परत खालपर्यंत सोबत येतो.

बुडाचा व्यास सात सेंटिमीटर झाला, की दोन काड्यांची वीण थांबवायची. पुढे एकाच काडीने एक आत-एक बाहेर अशी वीण घालायची आहे, आणि त्यासाठी उभ्या काड्यांची संख्या विषम असावी लागते. सम असेल तर काडी प्रत्येक फेरीत त्याच काड्यांच्या पुढून जाते आणि वीण बसतच नाही. म्हणून राखून ठेवलेली ४५ सेंटिमीटरची काडी एका टोकाला तिरकी कापून, आरीने जागा करून, कोणत्याही एका काडीशेजारी बुडात तीन-चार सेंटिमीटर खोल खुपसावी. आता सतरा काड्या झाल्या.

सर्व काड्या बुडाच्या कडेला पुन्हा ओल्या कराव्यात आणि एकेक करून हळूहळू वर वाकवाव्यात. वरची टोके दोरीने सैल एकत्र बांधली तर काम सोपे जाते. भिंत विणताना उभ्या काडीला आकार द्यायचा तो डाव्या हाताच्या बोटांनी, आणि विणायची काडी उजव्या हाताने फक्त बसवत जायची, ओढायची नाही. ओढली की टोपली आत आवळते आणि पेल्यासारखी अरुंद होते. आतली भिंत सुमारे नऊ सेंटिमीटर उंच आणि मध्यावर दहा सेंटिमीटर रुंद होऊ द्यावी. काठाजवळ ती किंचित आत घेतली तर पुढचे वळण सुबक येते.

विणायची काडी संपली, की तिचे टोक एका उभ्या काडीला टेकवून ठेवायचे आणि नवी काडी त्याच उभ्या काडीला टेकवून सुरू करायची. दुहेरी भिंतीचा एक मोठा लाभ इथे दिसतो: आतल्या भिंतीची सर्व टोके बाहेरच्या बाजूस ठेवावीत आणि पुढे बाहेरच्या भिंतीची सर्व टोके आतल्या बाजूस, म्हणजे सगळी टोके दोन भिंतींमधल्या पोकळीत लपून जातात आणि टोपली दोन्हीकडून स्वच्छ दिसते. फक्त बुडाची टोके खालच्या अंगाला ठेवून नंतर बारकाईने कापावी लागतात.

काठावरचे वळण

संपूर्ण टोपलीचे यश या अर्ध्या तासावर अवलंबून आहे. माझ्या पहिल्या टोपलीत मी आतली भिंत एका संध्याकाळी संपवली, दुसऱ्या दिवशी वरवर पाणी शिंपडून काड्या वाकवल्या आणि सतरापैकी तीन काठावरच मोडल्या. तेव्हापासून मी टोपली उलटी करून उभ्या काड्या थेट कोमट पाण्यात पंधरा मिनिटे बुडवून ठेवते, आणि प्रत्येक काडी वळवण्याआधी चिमट्याच्या तोंडाने वळणाच्या जागी हलकेच दाबून तंतू मऊ करते.

मग कोणतीही एक काडी घ्यावी, ती उजवीकडच्या शेजारणीच्या मागून, म्हणजे टोपलीच्या आतल्या बाजूने, न्यावी आणि तिच्यापलीकडे बाहेर काढून खाली वळवावी. पुढची काडी तिच्या शेजारणीच्या मागून, असे करत फेरी पूर्ण करावी. शेवटच्या काडीला मागून जाण्यासाठी उभी शेजारीण उरलेली नसते; तेव्हा पहिल्या काडीचे वळण थोडे सैल करून त्याच्या खालून ती ओवावी आणि मग दोन्ही घट्ट करावीत. वळणाचा कमान सर्व ठिकाणी सारख्या उंचीचा ठेवावा. आता सतराही काड्या कारंज्यासारख्या खाली पडलेल्या दिसतील, आणि काठावर एक सुंदर पिळाची रेघ आपोआप तयार झालेली असेल.

बाहेरची भिंत

टोपली पालथी घालून एखाद्या जड बरणीवर ठेवावी, म्हणजे काड्या वरच्या दिशेला येतात आणि विणणे हाताला सोयीचे होते. पहिल्या दोन फेऱ्या पुन्हा दोन काड्यांच्या विणीने घालाव्यात, त्या काठाला पकड देतात. त्यानंतर एका काडीची साधी वीण सुरू करावी. दोन भिंतींमध्ये पेन्सिल जाईल एवढे अंतर हवे. माझा अनुभव असा, की तीन-चार पेन्सिली खरोखरच त्या पोकळीत उभ्या ठेवून विणले तर अंतर राखले जाते, आणि खालची बाजू शेवटपर्यंत उघडी असल्याने त्या नंतर काढून घेता येतात. बाहेरची भिंत आतल्या भिंतीला चिकटली तर आतला आकार दबतो आणि दुहेरीपणाचा अर्थच उरत नाही.

रंगीत काडी घालायची ती याच भिंतीत. अडीच-तीन सेंटिमीटर बिनरंगी वीण झाल्यावर तीन फेऱ्या तपकिरी, मग पुन्हा तेवढीच बिनरंगी आणि पुन्हा तीन फेऱ्या, इतके पहिल्या टोपलीला पुरे. उभ्या काड्या विषम असल्यामुळे रंगीत फेरीत ठिपके एकाआड एक तिरके सरकतात, आणि ते पाहताना रंग कुठे थांबवायचा याचे भान हळूहळू येते.

मध्यभाग ओलांडला, की काड्या बोटांनी आत झुकवायला सुरुवात करावी. बाहेरची भिंत आतल्या बुडाच्या पातळीपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर पुढे न्यावी, म्हणजे टोपली त्या कडेवर उभी राहते आणि आतले बूड जमिनीला लागत नाही. शेवटच्या दोन फेऱ्या दोन काड्यांच्या विणीने घट्ट करून पेन्सिली काढून घ्याव्यात. उरलेली टोके पुन्हा भिजवून प्रत्येक काडी एका शेजारणीच्या मागून, दुसरीच्या पुढून न्यावी आणि तिसरीच्या बाजूने आरीने जागा करून विणीत दोन-तीन सेंटिमीटर खाली खुपसावी. जास्तीचे टोक तिरके कापावे, पण ज्या काडीवर ते टेकले आहे तिच्या फार जवळ कापू नये, नाहीतर वाळल्यावर आकसून निसटते.

विकण्याविषयी आणि पाहण्याविषयी

अशी टोपली घरी करावी, भेट द्यावी, शिकवावी. पण ती चेरोकी टोपली म्हणून विकू नये. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानुसार मूळनिवासी जमातींबाहेरच्या व्यक्तीने केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ज्यांच्याकडून ही वीण घेतली त्यांच्या उपजीविकेत वाटेकरी होणे योग्य ठरले नसते. माझ्या टोपलीबद्दल कोणी विचारले तर ‘चेरोकी पद्धतीवरून शिकलेली’ एवढेच मी सांगते.

अस्सल टोपल्या पाहायच्या असतील तर उत्तर कॅरोलायनात चेरोकी नावाच्याच गावी जावे. रॅले-कॅरी परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ते मोटारीने साधारण पाच तासांवर आहे. तेथे १९४६ मध्ये कारागिरांनी स्थापन केलेली क्वाला आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्युच्युअल ही सहकारी संस्था आहे आणि तिथे विणकरांच्या टोपल्या विकत मिळतात. किंमत पाहून दचकण्याआधी त्या टोपलीतील एक पट्टी मनाने वेळूपर्यंत मागे नेऊन पाहावी: तोडणे, चिरणे, सोलणे, तासणे, उकळणे आणि मगच विणणे.

पूर्ण झालेली टोपली पालथी घालून, थेट उन्हात न ठेवता, दोन दिवस वाळू द्यावी. ती ओली असतानाच आकारातील लहानसहान वाकडेपणा दोन्ही तळव्यांनी दाबून सरळ करता येतो, वाळल्यावर नाही. वर आलेले बारीक तंतू मेणबत्तीच्या ज्योतीवरून झरकन फिरवून जाळावेत, मात्र टोपली तेव्हा किंचित दमट असावी. वर्षातून एकदा, कोरड्या हवेच्या दिवसांत, तिच्यावर पाण्याचा हलका फवारा मारून सावलीत सुकवली, की काठावरची वळणे ठिसूळ होत नाहीत.